मार लागलेला घड

ऐका तर. फार वर्षांपूर्वी तापीकाठच्या केळझिरे गावात जनकाबाई बैलगाडी हाकायची. नवरा गेला आणि तिनं कासरा हाती घेतला, तो निम्म्या गावाच्या डोळ्यांत खुपायचा.

देवीची जत्रा नऊ दिवसांवर आली होती. नैवेद्याचे केळ्यांचे चाळीस हिरवे घड ती गाडीतून आणत होती. नाल्यात चाक निखळलं, गाडी उलटली आणि एकूण एक घडाला मार लागला. मार लागलेलं केळं लवकर पिकतं आणि काळं पडतं, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

पाटील गरजले, "ढोरांले टाका! मार लागेल केळं देवीले चालत नाही."

जनकाबाईनं पदर खोचला. "तसं असीन, तं गावातल्या अर्ध्या बायांनी देवळात पायच ठेवू नये, पाटील! जत्रेपर्यंत हे घड हिरवे ठेवते. नाही राह्यले, तं गाडी-बैल इथंच टाकून गाव सोडते."

बायांच्या माना खाली गेल्या. कुणाच्या पाठीवर वळ होते, कुणाच्या दंडावर. मग त्याच बाया घड झाकायला गोणपाटं घेऊन धावल्या. मार झाकायची सवयच ना!

"झाकू नका!" जनकाबाई कडाडली. "झाकलं का आतल्या आत पिकते. वारा लागू द्या."

तिनं ते घड आपल्या विहिरीत पाण्याच्या वर, गारव्याला टांगले, एकाला दुसरा लागणार नाही असे. स्वतः पायरीवर बसली. एक केळं पिवळं झालं की बाकीच्यांना पिकवतं, म्हणून पिवळं दिसेल ते तोडून खायची. असं म्हणतात, नऊ दिवस तिनं दुसरं काही खाल्लं नाही. असं म्हणतात, दुपारचं ऊन विहिरीत उतरू लागलं की ती "थांब!" म्हणायची आणि ऊन काठावरच थांबायचं.

नवव्या दिवशी बायांनी दोर ओढले. घड हिरवेगार होते, फक्त माराच्या जागा काळ्या.

"डाग दिसतात," पाटील पुटपुटले.

"दिसू द्या देवीले," असं म्हणत तिनं पहिला घड देवीपुढे ठेवला. असं म्हणतात, त्याच क्षणी देवीच्या दगडी दंडावर तसाच काळा डाग उमटला. पाटलांनी पागोटं काढून हात जोडले.

आजही केळझिऱ्यात जत्रेचा पहिला घड मार लागलेलाच असतो. आणि कुणी घरात बाईवर हात उचलला, तर गावच्या बाया जनकाबाईचं नाव घेऊन तसाच एक घड त्याच्या दारात टांगतात. न झाकता.