काळ्या खडकाचं जेवण

समुद्राला अजून कुणी नाव ठेवलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. तारली माशांचा एक थवा दर वर्षी पाऊस सरला की काळ्या खडकापाशी यायचा. तिथं तळातून गार पाणी वर यायचं आणि त्यासोबत धुळीएवढं बारीक, हिरवट खाणं. तारल्या तोंड उघडून त्यातून नुसत्या तरंगत जायच्या.

त्या वर्षी वारा पडला होता. खडकाजवळचं पाणी कोमट होतं आणि इतकं नितळ, की उन्हाच्या रेघा तळाला टेकत होत्या. दिसायला सुंदर, पण खायला काहीच नाही.

"थांबा," सगळ्यांत थोरली रुपाबाई म्हणाली. "या खडकानं आपल्याला कधी उपाशी ठेवलं नाही."

थवा खडकाभोवती फिरत राहिला. सात दिवसांत सगळ्यांची पोटं खपाटीला गेली.

आठव्या दिवशी कडेनं पोहणाऱ्या झिपरीच्या पोटाला दक्षिणेकडून गार लहर लागली.

"मावशी, खडक कुठं जेवू घालत होता? गार पाणी घालत होतं," ती म्हणाली. "ते आता तिकडं आहे." आणि ती वळली.

शेजारीण वळली की आपण वळायचं, ही थव्याची रीत. एकीमागून एक सगळी चांदी वळली, शेवटी रुपाबाईही. दोन दिवसांनी पाणी हिरवं झालं, आणि सगळ्यांनी तोंडं उघडली.

पुढच्या वर्षी पाऊस सरताच तरण्या तारल्या दक्षिणेकडं निघाल्या. "चला, झिपरीच्या जागी."

"जागेचं नाव घेऊ नका," रुपाबाई म्हणाली. "आधी पाणी पोटाला लागू द्या."