मान डोलावणारी माणसं

एका तालुक्यात एकदा एक पुढारी होता. पक्षाचा अध्यक्ष तोच आणि शेवटचा शब्दही त्याचाच. उद्या पक्षाची माणसं नवा अध्यक्ष निवडणार होती. आपलीच माणसं फिरल्याची कुजबुज त्याच्या कानावर येई, पण तोंडावर कुणी काही बोलेना. तेव्हा तो म्हाताऱ्या गुरुजींकडे गेला. चुकलं की कान धरणारे ते एकटेच.

आज मात्र गुरुजी उठून उभे राहिले. "या साहेब, बसा," म्हणत त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे केली.

पुढारी अवघडून बसला. बैठकीत हल्ली कुणी ब्र काढत नाही, असं त्यानं सांगितलं. गुरुजी म्हणाले, "फार चांगलं, साहेब." जुना सोबती हणमंता पूर्वी प्रत्येक कामात आडवा यायचा, तोही आता निमूट मान डोलावतो, हे सांगितलं. त्यालाही गुरुजींचा होकारच. शेवटी, पाणीयोजनेचं काम कुणाला न विचारता भाच्याला दिलं, हेही त्यानं भीतभीत सांगून पाहिलं.

"आपण कराल ते योग्यच."

पुढाऱ्यानं गुरुजींचा हात धरला. "गुरुजी, असं परक्यासारखं काय बोलताय? रागवा तरी. तुम्हीही सोडलंत का मला?"

गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अरे वेड्या, माझ्या होकारानं तुझा जीव घाबरा झाला, आणि इतके दिवस अख्खा पक्ष होकार देत होता तेव्हा तू निश्चिंत होतास. लेकरू रडतं तोवर आईला धीर असतो. तापात ते निपचित पडलं की तिचं काळीज हलतं. भांडणाऱ्याला अजून आशा असते रे. ती संपली की माणूस नुसती मान डोलावतो."

पुढारी उठला तो थेट हणमंताच्या दारात. हणमंतानं "या साहेब" म्हणत सतरंजी अंथरली. पुढारी उंबऱ्यापाशीच टेकला. म्हणाला, "पाणीयोजनेचं चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं. बोल काय बोलायचं ते."

हणमंतानं सतरंजी पुन्हा गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "आत्ता सुचलं व्हय तुला? उद्या मत पाहिजे म्हणून?" आणि त्याचा आवाज असा चढला, की भाकरी थापता थापता बायको पिठाच्या हातानं बाहेर आली.

पुढारी खाली मान घालून ऐकत राहिला. पद राहील की जाईल, हा घोर तसाच होता. पण हणमंता थांबत नव्हता, आणि तो थांबू नये असंच त्याला वाटत होतं.

घरातलं भांडण मिटलं असं वाटलं, तर आधी कोण बोलायचं थांबलं ते पाहावं.