विड्याएवढा नकाशा

फार जुनी गोष्ट आहे. लहानांसाठी सांगतो आहे, पण मोठ्यांनी उठून जाऊ नये. कदाचित त्यांच्याच कामाची निघेल.

एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती. दोन्हीकडच्या राण्या सख्ख्या बहिणी, म्हणजे राजे एकमेकांचे साडू. साडू म्हटलं की थोडी तुलना आलीच. पण अलीकडच्या राजाचं थोडक्यात भागत नसे. साडूनं नवा घोडा घेतला की याला जेवण गोड लागत नसे. साडूची मिशी जरा दाट दिसली तरी हा घरी येऊन न्हाव्यावर ओरडत असे.

एकदा सणाला दोघंही सासुरवाडीला गेले. जेवणं झाली, विडे आले. तेवढ्यात पलीकडच्या राजानं कमरेच्या शेल्यातून कापडाची एक घडी काढली आणि उलगडत उलगडत सासऱ्यांपुढे अंथरली. तिच्यावर त्याचं सगळं राज्य रंगवलेलं होतं. निळ्या नद्या, हिरवी रानं, गाव तिथं लाल टिकली आणि टिकलीखाली गावाचं नाव. शेजार म्हणून नदीच्या अलीकडची चार गावंही होती.

त्या काळी राज्याचा नकाशा म्हणजे दरबारातल्या भिंतीएवढा सागवानी फळा. कापडावरचा नकाशा कुणी पाहिलेलाच नव्हता.

“वा, जावईबापू!” सासरे हरखून म्हणाले. “अख्खं राज्य कमरेला खोचून हिंडता की!”

“हिंडावं लागतं म्हणून तर,” पलीकडचा राजा म्हणाला. “महिन्यातले निम्मे दिवस मी गावोगाव असतो. आधी फळा बैलगाडीवर लादून न्यायचो. एकदा बैल दरीत जाता जाता वाचला, तेव्हा हे कापड करून घेतलं.”

अलीकडच्या राजाला बैलाचं काही ऐकू आलं नाही. त्याच्या कानात सासऱ्यांचा तो ‘वा’ घुमत होता. गेल्या वर्षी त्यानं सासऱ्यांना चांदीचा हुक्का दिला होता, तेव्हा ते नुसतं ‘बरं’ म्हणाले होते. माझी गावं याच्या फडक्यावर कशाला, असंही त्याला वाटून गेलं. मग तो नकाशात खोट शोधू लागला, आणि खोट सापडली.

“साडूभाऊ, घड्या फारच वेड्यावाकड्या हो. एक रुंद, एक अरुंद. मिटल्यावर एक कोपरा बाहेरच राहतो.”

“खरं आहे, दिसायला बऱ्या नाहीत,” पलीकडचा राजा हसून म्हणाला. “पण त्याचं कारण असं की—”

कारण ऐकायला हा थांबलाच नाही. हात धुवायच्या निमित्तानं उठला आणि मागच्या अंगणात जाऊन एकटाच खूश झाला.

घरी परतल्याबरोबर त्यानं दरबारच्या चिताऱ्याला बोलावलं.

“मला घडीचा नकाशा हवा. त्याच्यापेक्षा लहान. मिटला की विड्याएवढा झाला पाहिजे. घड्या सरळ, चौकोनी, एकसारख्या.”

“होईल, महाराज,” चितारी म्हणाला. “फक्त घडी जिथून जाते तिथला रंग पुढे उडतो. तेव्हा घडी कुठून घ्यायची ते जरा—”

“सरळ घ्यायची! त्याच्यासारखं गबाळं काम नको.”

चिताऱ्याला बक्षीस दिसत होतं. त्यानं मान डोलावली आणि कामाला लागला.

राणीनं विचारलं, “कुठं जायचं आहे का तुम्हाला?”

“कुठं नाही.”

“मग राज्य कमरेला खोचायचं कशासाठी?”

“काळ बदलतो आहे,” राजा म्हणाला.

“काळाचं मला ठाऊक नाही,” राणी म्हणाली. “माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं ठाऊक आहे.”

आता तुम्ही म्हणाल, घडीच्या नकाशात वाईट ते काय? काहीच नाही. पलीकडच्या राजाचं त्याच्यावाचून अडत होतं. आपला राजा मात्र सकाळी झोपाळ्यावरून सिंहासनावर आणि संध्याकाळी सिंहासनावरून झोपाळ्यावर, एवढाच प्रवास करायचा. पण हेव्याला असले हिशेब सुचत नाहीत.

नकाशा तयार झाला. दिसायला खरोखर देखणा होता. मिटला की पानाच्या डब्यात मावायचा. राजानं जुना फळा दरबारातून काढायला लावला. धान्य साठवायच्या पेवावर झाकण हवंच होतं, तिथं तो फळा नेऊन पालथा घातला.

मग उघडझाप सुरू झाली. कुणी गाऱ्हाणं घेऊन आला की राजा आधी नकाशा उलगडायचा, मग मिटायचा, मग पुन्हा उलगडायचा. भाजीवालीलाही त्यानं दोनदा दाखवला. लोक ‘वा’ म्हणायचे. पण राजाचं समाधान होत नव्हतं, कारण ज्यानं जळायला हवं तो साडू पलीकडच्या काठावर होता आणि त्याला याची दादही नव्हती. मनातल्या मनात राजा सगळं त्यालाच दाखवत होता.

त्या वर्षी टोळधाड आली. उभी पिकं दोन्ही काठांवर फस्त झाली. राजानं पेवं उघडायचा हुकूम दिला. राजा वाईट नव्हता हो, लोकांना उपाशी ठेवणारा तर मुळीच नव्हता. पेवावरचा फळा उचलून भिंतीला टेकवला गेला आणि गाड्या भरल्या जाऊ लागल्या.

नेमका त्याच दिवशी साडूचा जासूद खुशाली विचारायला आला. राजाचे डोळे चमकले. “प्रधानजी, कुठल्या गावाला किती गाड्या, ते आज मीच सांगतो,” असं म्हणून त्यानं डब्यातून नकाशा काढला आणि झटक्यात उलगडला. एकेक नाव वाचायचं आणि जासुदाच्या तोंडाकडे बघायचं, असं चाललं होतं. इतक्या उघडझापीनं घड्यांवरचा रंग कधीच उडाला होता आणि तिथं नुसते पांढरे पट्टे राहिले होते. प्रधानाला काहीतरी राहिल्यासारखं वाटलं, पण राजा एवढ्या रंगात आलेला असताना मध्ये कोण बोलणार? नावं वाचलेल्या सगळ्या गावांना धान्य गेलं.

पुढे एक दिवस जेवताना राजानं लोणचं मागितलं.

“संपलं,” राणी म्हणाली. “यंदा दाईची बरणी आली नाही.”

राजाचा हात ताटातच थांबला. त्याची आई लहानपणीच गेली होती. ज्या दाईनं त्याला वाढवलं ती म्हातारपणी नदीकाठी आपल्या गावी, कुसुंबीला, राहायला गेली होती. तिथून दर वर्षी ती लिंबाचं मुरलेलं लोणचं पाठवायची. कितीही हाल झाले तरी तिनं कधी खंड पाडला नव्हता.

राजानं नकाशा उलगडला. कुसुंबी कुठं दिसेना. तो तसाच पेवाकडे धावला. भिंतीला टेकवलेल्या फळ्यावर लाल टिकली होती, तिच्याखाली काळ्या ठसठशीत अक्षरांत कुसुंबी. कापडावर त्याच जागेवरून सरळ, चौकोनी, देखणी घडी गेली होती.

कुसुंबीची वाट त्याला माहीत नव्हती, तिथं तो कधी गेलाच नव्हता. शेवटी तो अवाढव्य फळा बैलगाडीवर आडवा बांधला आणि त्यावर बघत बघत धान्याच्या गाड्यांसह राजा निघाला.

कुसुंबीच्या पारावर लोक जमले होते. पोरांच्या बरगड्या दिसत होत्या, पण चुली पेटलेल्या होत्या. मधोमध पोत्यांची थप्पी होती आणि तिच्यापाशी पलीकडचा राजा बाह्या सरसावून धान्य मापत होता.

दाई पुढे आली. “आलास व्हय रं बाळा,” ती म्हणाली. “लई दिस लावलंस.”

“दाई, मला कळलंच नाही गं...”

“तुज्या गाड्या खालच्या रस्त्यानं जायच्या. आमची पोरं पळत सामोरी जायची. गाडीवान म्हनायचं, तुमच्या गावाचं नाव न्हाई घेतलं राजानं. मी म्हनायची, घेईल, उद्या घेईल.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “मग आमचं हाल ऐकून ह्यो नदी वलांडून आला. फडकं उघडलं आन् इचारलं, कुसुंबी हीच का?”

पलीकडच्या राजाचा नकाशा पोत्यांवर पसरलेला होता. आपला राजा वाकून बघू लागला. एक घडी नदीच्या पात्रातून जात होती, दुसरी उघड्या डोंगराच्या धारेवरून. कुठल्याही घडीखाली गाव नव्हतं.

“तेच सांगणार होतो त्या दिवशी,” साडू हळूच म्हणाला. “तुम्ही हात धुवायला उठलात.”

राजानं आपल्या गाड्या पुढे केल्या. लोकांनी धान्य घेतलं, हात जोडले, पण कुणी जयजयकार केला नाही.

“पंचांनी ठरीवलंय,” दाई म्हणाली. “आता कुसुंबीचा राजा त्यो. तुज्यावर राग न्हाई बाळा. पर ज्यानं इचारलं त्याचंच आमी.”

मग ती घरात गेली आणि फडक्यात बांधलेली लोणच्याची बरणी घेऊन आली. राजाचे हात आपसूक पुढे झाले. ती त्याच्या शेजारून गेली आणि तिनं बरणी साडूच्या हातात ठेवली.

जन्मभर राजा साडूचा घोडा, साडूची मिशी, साडूची घडी बघून जळला होता. हेवा करावा असं साडूकडे खरोखर काही आलं ते त्या दिवशी, आणि ते यानंच त्याला दिलेलं होतं.

फळा पुन्हा दरबारात लागला. चिताऱ्यानं राज्याच्या सीमेची रेघ पुसून कुसुंबीच्या अलीकडून नवी ओढली. राजा रोज तिच्यासमोर बसतो आणि लोणच्याशिवाय जेवतो.

तात्पर्य: गरजेपोटी घातलेली घडी सोयीची होते, हेव्यापोटी घातलेली घडी कुणाच्या तरी गावावरून जाते.