मागितलेला पाट, ऐकलेला पाट

दोनपाट आळीत पाट एकच आहे. तुम्ही दुसरा शोधत पार बावखलापर्यंत, म्हणजे आमच्या तळ्यापर्यंत, चालत गेलात, ते मी इथून पाहिलं. सगळेच पाहुणे जातात. नाताळात गोठे, म्हणजे बाळ येशूच्या गव्हाणीचे देखावे, बघायला गाड्या भरभरून माणसं येतात, कमानीवरचं आळीचं नाव वाचतात आणि पाण्याचा दुसरा पाट शोधत उन्हात फिरतात. मग घामाघूम होऊन माझ्या दाराशी येतात आणि तुमच्यासारखंच विचारतात, "मावशी, इथे जरा बसू का?"

बसा की. एक जण त्या लाकडी पाटावर बसा, बाकीचे पायरीवर टेका. पाय खाली वाहत्या पाण्यात सोडले तरी चालतील, ते पाणी त्यासाठीच आहे. तुम्ही बसलात ना, तोच दुसरा पाट. आळीचं नाव दोन ओहोळांवरून पडलेलं नाही. एक पाट पाण्याचा, एक बसायचा, आणि दोन्ही एकाच नाताळात, एकाच माणसानं, एकाच बाईला दिलेले. त्यातला एक तर चुकून दिला, असं सांगतात.

आमची बोली वेगळी आहे, ती तुम्हाला कळायची नाही, म्हणून तुमच्या मराठीत सांगते. पाटाला मात्र दोन्हीकडे पाटच म्हणतात, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

फार जुनी गोष्ट. या आळीत तेव्हा दोन भाऊ राहत, पास्कोल थोरला आणि दुमिंग धाकटा. वाडी एक, बावखलावरचा रहाट एक, बैल एक. रहाटाचं पाणी पाटानं आधी दुमिंगच्या केळीत यायचं, तिथून पास्कोलच्या. दोघं जेवायलाही शेजारी शेजारी पाट मांडून बसत. मग एकदा पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं. कुणाची पाळी कुणी घेतली, ते आज कुणालाच ठाऊक नाही. भावाभावांच्या भांडणाचं कारण नंतर सांगायची लाज वाटते, म्हणून ते विसरलं जात असावं.

दुमिंग तापट. भर आळीत म्हणाला, "यापुढे कुणी तोंडानं मागितल्याशिवाय माझ्या बांधापलीकडे थेंब जाणार नाही. देवळाकडे तोंड करून सांगतो." आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. पास्कोल काही कमी नव्हता. तोही देवळाकडे वळला आणि म्हणाला, "मी मागणार नाही, आणि माझ्या घरातलं कुणीही मागणार नाही."

झालं. दोन शपथा समोरासमोर उभ्या राहिल्या. दुमिंगनं जुना पाट बुजवला आणि रागाच्या भरात त्यावर नवं घर बांधलं. पास्कोल बावखलातून घागरींनी पाणी वाहू लागला. पुढे एका पावसाळ्यात तो तापानं गेला. त्याची शपथ मात्र मागे राहिली, आणि ती त्याच्या बायकोच्या, कातरीनच्या डोक्यावर घागरीसारखी बसली.

कातरीनला मूलबाळ नव्हतं. गुडघे धरलेले, वाडी लांब, तरी रोज बावखलाच्या खेपा. दुमिंग रहाटाशी उभा राहून ते बघायचा. त्याचा राग केव्हाच विझला होता म्हणे. ती यायची दिसली की तो बैल हळू हाकायचा. वाटायचं, आज तरी ही तोंड उघडेल, एकदाच 'दे' म्हणेल, की लगेच सोडतो पाणी. ती मान खाली घालून घागर बुडवायची आणि निघून जायची. दोघांचीही मनं नरम, पण शपथ देवळाकडे तोंड करून घेतलेली. ती मोडायची कुणी?

मग कार्तिकात वादळ आलं. सगळ्या वाडीतल्या केळी एका रात्रीत आडव्या झाल्या. बाकीच्यांनी मुनवे, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिल्लं, पुन्हा लावली आणि पाणी देऊन जगवली. कातरीननंही लावली. पण कोवळ्या मुनव्यांना घागरीचं पाणी पुरत नाही. पानं कडेनं करपायला लागली. तिनं मनाशी ठरवलं की नाताळ इथे करायचा, नवऱ्याच्या कबरीवर मेणबत्ती लावायची, आणि मग घर बंद करून माहेरी भावाकडे जायचं. गाठोडं बांधून खाटेखाली ठेवलंसुद्धा होतं. एकदा ती गेली असती, तर पास्कोलचं नावच या आळीतून पुसलं गेलं असतं.

त्या वर्षी कुणाच्याच घरात काही नव्हतं. नाताळ मात्र यायचा तो येतोच. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी पाद्रींनी देवळात सांगितलं, "यंदा कुणी कुणाला विकतचं काही देऊ नका. बाहेर पडलात की दारात जो पहिला समोर येईल, त्याच्याकडे एक साधी गोष्ट मागा, दमडी न लागणारी. त्यानं ती नाताळला द्यायची. मागायला लाजू नका, गव्हाणीतल्या बाळानंही आपल्याकडे जागाच मागितली होती."

लोकांना मोठी मौज वाटली. कुणी सुंभाची दोरी वळून मागितली, कुणी सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी. एका म्हाताऱ्यानं हजामत मागितली. एका बाईनं नवऱ्याकडे मागितलं की नाताळच्या दिवशी माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवू नका, आणि तो बिचारा म्हणाला, त्यापेक्षा विकतचं काही चाललं असतं.

कातरीन सगळ्यांच्या मागून बाहेर आली. गुडघ्यांमुळे पायऱ्या हळू उतरत होती. शेवटच्या पायरीवर मान वर केली, तर समोर दुमिंग. इतक्या वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती. आळीतली माणसं वळून बघू लागली.

आता मागितलं नाही तर पाद्रींचा मान जातो, आणि पाणी मागितलं तर नवऱ्याची शपथ. कातरीननं विचार केला की याच्याकडून घ्यायचं ते अगदी क्षुल्लक असावं. चुलीपुढे जमिनीवर बसलं की तिला उठवत नसे. वादळात पडलेल्या लाकडाचं एक फळकूट ठोकून दिलं तरी भागेल. म्हणाली, "दुमिंग, मला एक पाट दे."

दुमिंग दोन पावलं पुढे आला. म्हणाला, "वहिनी, केवढा हवा?"

"माझ्यापुरता. फार रुंद नको."

"कुठवर आणू?"

"दाराशी आणून दे. पुढचं मी बघेन."

"नाताळला मिळेल," दुमिंग म्हणाला आणि डोळे पुसत घरी पळाला.

त्याची बायको इजबेल मागोमाग आली. तिला पटेना. "वहिनींनी खरंच मागितला?"

"सगळ्या देवळासमोर! तोंडानं!"

"मग बघत काय बसलात? कुदळ घ्या."

पण जुना पाट त्याच्याच घराखाली गाडलेला. सरळ वाट उरलीच नव्हती. म्हणून त्यानं घराला वळसा घालून अंगणातून, थेट पानवेलीच्या वाफ्यातून खणायला घेतलं. दुमिंगची पानवेल म्हणजे त्याचा जीव. वादळात सगळ्या वाडीत तेवढीच काय ती उभी राहिली होती. तिच्या दोन ओळी त्यानं स्वतःच्या हातानं उपटल्या. इजबेल टोपलीनं माती टाकत होती. तुम्ही येताना विचारलंत ना, पाट असा साप गेल्यासारखा वाकडा का? तो रागाला वळसा घालून आलेला आहे.

कातरीनला खणण्याचे आवाज येत होते. तिला वाटलं, दीर आपले वाफे वाढवतोय. नाताळचा आदला दिवस मावळला तरी पाट काही आला नाही. एक फळकूटही याच्या हातून सुटत नाही, असं म्हणून ती त्या संध्याकाळी खूप रडली, असं सांगतात. गाठोडं खाटेखालून काढून तिनं दाराशी आणून ठेवलं.

नाताळच्या सकाळी देवळातली प्रार्थना, म्हणजे मिस्सा, आटोपून ती घरी आली, तर बांध फोडलेला आणि दारात चिखल. दुमिंग गुडघाभर मातीत कुदळ घेऊन उभा. ती ओरडणार, तेवढ्यात बांधापलीकडून सळसळ आली. आधी वाळलेली पानं आली, मग मातकट फेस आला, आणि मग पाणी आलं. पायरीला लागलं, वळलं आणि तिच्या करपलेल्या मुनव्यांत शिरलं. पाण्यावर उपटलेल्या पानवेलीची पानं तरंगत होती.

कातरीन हळूच म्हणाली, "दुमिंग, अरे, मी बसायचा पाट मागितला होता."

दुमिंगनं कुदळ खाली ठेवली. "म्हणजे... तू पाणी मागितलं नाहीस?"

"मागितलं असतं, तर वर गेल्यावर तुझ्या भावाला काय तोंड दाखवलं असतं?"

दुमिंग वळला आणि चालू लागला. तिला त्याची शपथ पाठ होती, मागितल्याशिवाय थेंब नाही. आता हा रहाटाशी जाऊन पाणी तोडणार, असंच तिला वाटलं. ती पायरीवर बसून पाण्याकडे बघत राहिली. आता थांबेल, मग थांबेल. आळीतली माणसंही कुंपणाशी येऊन थांबली होती. पाणी थांबलं नाही.

थोड्या वेळानं दुमिंग परत आला. काखेत एक जुना पाट होता, फणसाच्या लाकडाचा, बसून बसून मधे गुळगुळीत झालेला. पास्कोलचा. दोघं भाऊ शेजारी जेवत, तेव्हाचा. भांडणानंतर तो दुमिंगच्याच घरात राहिला होता. इतकी वर्षं त्यानं त्यावर कुणाला बसू दिलं नव्हतं, आणि परतही केला नव्हता.

त्यानं तो पायरीवर ठेवला. म्हणाला, "वहिनी, हा तू मागितलेला. आणि तो," त्यानं पाण्याकडे बोट दाखवलं, "तो मी ऐकलेला. माझ्या कानानं तू मागितलंस, माझी शपथ फिटली. तुझ्या तोंडानं तू मागितलं नाहीस, तुझीही शाबूत राहिली. आता दोन्ही ठेवून घे."

कातरीननं पाटावरून हात फिरवला. ती त्यावर बसली नाही. म्हणाली, "आधी तू बस." दुमिंग थोरल्या भावाच्या पाटावर बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. तिनं घरात होते तेवढे फुगे, म्हणजे आमचे नाताळचे तळलेले गोड पाव, त्याच्यापुढे ठेवले. इजबेललाही हाक मारली. गाठोडं दुपारी सोडलं.

काही म्हणतात, दुमिंगला पहिल्यापासून ठाऊक होतं. कान नव्हे, मन तयार होतं त्याचं. काही म्हणतात, कातरीननंच शब्द मुद्दाम असा निवडला. मला विचाराल तर दोघंही भोळी होती, आणि चूक देवाची होती. त्याला अशा चुका करायची सवय आहे.

मुनवे जगले. पुढे कातरीन म्हातारी होऊन याच घरात वारली आणि घर दुमिंगच्या धाकट्या मुलाकडे आलं. मी त्याच घराण्यातली सून. आले तेव्हा मला पाट म्हणजे फक्त बसायचाच ठाऊक होता.

आजही आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी देवळाच्या दारात माणसं एकमेकांकडे काहीतरी मागतात. वस्तू साधीच असावी लागते. नाताळला ती मिळते, आणि तिच्याबरोबर दुसरी मिळते, ती ऐकलेली. या दुसरीला पैसे लागता कामा नयेत, एवढा एकच नियम. गेल्या वर्षी शेजारच्या दुल्सीननं मुलाकडे कॅलेंडर मागितलं. त्यानं आणलं, आणि दर रविवारवर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'आई, आज मी येतोय.' येतो तो, अजून एकही चुकलेला नाही. मी नातवाकडे चष्म्याची दोरी मागितली होती. दोरी मिळालीच, शिवाय रोज संध्याकाळी येऊन पेपर वाचून दाखवतो. मला जवळचं बारीक अक्षर दिसेनासं झालंय हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या पोराचे उपकार कसे फेडू, सांगा. या आळीतली सून झाले याबद्दल मी रोज देवाचे आभार मानते.

आजही कातरीनच्या दारातलं हे पाणी कुणी तोडत नाही, आणि या पाटावर घरातलं कुणी बसत नाही. तो आल्यागेल्यासाठी ठेवलाय. दमून दाराशी येईल त्याला आधी दुमिंगसारखं त्यावर बसवायचं.

तुम्ही बसायला जागा मागितलीत, ती दिली. पण मघापासून मला काहीतरी वेगळंच ऐकू येतंय. उठा, हातपाय तिथेच पाटात धुवा आणि आत या. पानं मांडलीत.