ठकाजीनं मन लावून ऐकलं

माळेवाडीत ठकाजी नावाचा एक भोळा गिरणीवाला राहायचा. नाव ठकाजी, पण जन्मात त्यानं कुणाला ठकवलं नाही. स्वतः मात्र रोज ठकायचा.

त्याला विचार फार यायचे. गिरणीचा पट्टा तुटेल, असा विचार आला की तो घाबरायचा. घाबरला की हा गिरणी बंद करून घोंगडी घेऊन पडायचा. पट्टा काही तुटला नाही, पण बायको अनुसया वैतागली. "अहो, गाव पिठासाठी खोळंबलंय आणि तुम्ही घोंगडीत! आधी डोकं दाखवून या, मग मला न्यायला या," असं म्हणून ती माहेरी निघून गेली.

घर खायला उठलं. ठकाजी तालुक्याच्या दवाखान्यात गेला. तिथं नाडकर्णीबाई होत्या. त्या औषध देत नसत, बोलून माणसाचं मन ताळ्यावर आणत.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ठकाजीराव, मनात विचार येतो, विचारातून भीती उठते आणि भीतीपायी माणूस घोंगडीत शिरतो. तिन्हींची साखळी आहे. तुम्ही सगळं आत दाबून ठेवता. मनात येईल ते मोकळेपणी बोलून टाकत जा."

"बरं," ठकाजी म्हणाला आणि घरी आला.

शेजारी बारसं होतं. आजीबाईंनी कौतुकानं नातू पुढं धरला. ठकाजीच्या मनात एक विचार आला. त्यानं तो दाबला नाही.

"पोर अगदी वानराचं पिल्लू दिसतंय की हो!"

आजीबाईंनी घुगऱ्यांचं पातेलं त्याच्या डोक्यावर पालथं केलं. कानातले हरभरे काढत ठकाजी पुन्हा बाईंकडं गेला.

"बाई, माझ्या डोक्यात मेंदू नाही, कोंडा आहे. काय चुकलं?"

"अहो, तिथं गप्प राहायचं! वाईट विचार आला तर तो ढगासारखा असतो. येतो आणि जातो. नुसतं बघत बसायचं."

"बरं," ठकाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गिरणीत बायकांची रांग होती. शाळेचे गुरुजी दळणाचा डबा उचलायला वाकले आणि त्यांच्या धोतराचा सोगा पट्ट्यात गेला. 'गुरुजींचं धोतर चाललं,' असा विचार ठकाजीच्या मनात आला. विचार वाईटच होता. ठकाजी शांतपणे बघत बसला. ढग आला, ढग गेला. पाठोपाठ धोतरही गेलं. गुरुजी सदरा आणि टोपी एवढ्यावर उभे. बायका भिंतीकडं तोंड करून हसायला लागल्या. गुरुजींनी तोच डबा ठकाजीच्या पाठीत हाणला.

ठकाजी पाठ चोळत बाईंकडं गेला. "गाढवालासुद्धा दोनदा सांगितलं की कळतं बाई. मी त्याच्याही खालचा. आता काय चुकलं?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, तो विचार नव्हता, समोर दिसत होतं ते! कुणावर संकट आलं की धावायचं, ओरडायचं, हात धरून मागं ओढायचं."

"बरं," ठकाजी म्हणाला.

चार दिवसांनी पाटलांच्या मुलीचं लग्न लागलं. सासरी निघताना पोरगी धाय मोकलून रडत होती आणि वऱ्हाडातल्या बायका तिला धरून गाडीत बसवत होत्या. ठकाजीचं काळीज हललं. त्यानं या वेळी वेळ घालवला नाही.

"धावा! पोरीला पळवून नेताहेत!" असं ओरडत तो धावला आणि नवरीचा हात धरून तिला मागं ओढायला लागला. नवरीचा पदर नवरदेवाच्या उपरण्याला बांधलेला होता, त्यामुळं नवरदेवही आला. तो आला तो थेट चिखलात पडला.

सकाळपासून मानपानावरून भांडणारी दोन्ही वऱ्हाडं त्या दिवशी एकाच गोष्टीवर एकत्र आली. दोघांनी मिळून ठकाजीला बडवलं.

ठकाजी लंगडत बाईंकडं गेला. "बाई, गावात नारळ संपले तर माझं डोकं फोडा म्हणावं. आत पाणीच निघेल. काय चुकलं?"

बाई हसू दाबत म्हणाल्या, "अहो, कुणासाठी काही करण्याआधी स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघायचं. मग कळतं त्याला काय वाटतंय."

ठकाजी हळूच म्हणाला, "बाई, बायकोवाचून करमत नाही. आणायला जाऊ का?"

"जरूर जा. पण आधी स्वतःला तिच्या जागी ठेवून बघा."

"किती वेळ ठेवू?"

"तिचं दुःख कळेपर्यंत," बाई म्हणाल्या.

ठकाजी सासुरवाडीला गेला. अनुसयेचा राग केव्हाच उतरला होता. नवरा दारात दिसताच तिनं पिशवी भरली. "चला, दोनची एसटी आहे."

"तू हो पुढं," ठकाजी म्हणाला. "इथं तू कुठं बसायचीस, तेवढं सांग."

"चुलीपाशी, आईजवळ. का हो?"

ठकाजी तडक आत गेला. हा चहा पिऊन येईल, असं समजून अनुसया पुढं गेली. एसटी आली तरी ठकाजी आला नाही. पुढच्या गाडीनं येईल म्हणून ती एसटीत चढली आणि माळेवाडीला घरी जाऊन वाट बघत बसली. एक दिवस गेला, दोन गेले. चौथ्या दिवशी ती स्वतःच त्याला न्यायला माहेरी परत आली.

ठकाजी चुलीपाशी तांदूळ निवडत बसला होता. सासूबाई हतबल होऊन शेजारी बसल्या होत्या.

"अहो, घरी चला ना," अनुसया म्हणाली.

ठकाजीनं तिच्याकडं पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. बायकोचं दुःख त्याला आता अगदी शेवटापर्यंत कळलं होतं. त्यानं खांद्यावरचा पंचा पदरासारखा डोक्यावरून घेतला, सासूच्या कुशीत तोंड लपवलं आणि हुंदका देत म्हणाला,

"आई, जीव गेला तरी चालेल, पण त्या येड्या ठकाजीच्या घरी मी पुन्हा नांदायला जायची नाही!"