बकुळेची पहिली ओळ

एका राज्यात अशी रीत होती, की मूल शाळेत बसलं की त्याने पंतोजींचं अक्षर गिरवायचं, आणि गिरवत गिरवतच मोठं व्हायचं. मनातलं लिहायला कुणी सांगत नसे.

राजा प्रतापभानाने त्या शाळेला सोन्याचा बोरू दिला. तो जुन्या खजिन्यात सापडला होता. खजिना एका मांत्रिकाचा लुटलेला होता, हे मात्र राजाने सांगितलं नाही.

त्याच शाळेत सुंद्राची लेक बकुळा शिकत होती. एकदा पंतोजी सगळ्यांसमोर म्हणाले, "सुंद्राबाई, तुमच्या लेकीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

सुंद्राच्या जिवाला घोर लागला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती लेकीचा हात आपल्या हातात घट्ट धरून गिरवून घेऊ लागली. सोन्याचा बोरू आला, तसा तोही तिने पंतोजींच्या पाया पडून सर्वांआधी मागून आणला.

"लिही," ती म्हणाली. "राजा थोर आहे."

ओळ मोत्यासारखी उमटली. आणि सुंद्राच्या मुठीतला हात एकाएकी हलका झाला. तिने पाहिलं, तर मुठीत हिरवं पीस होतं. चटईवर पोपट बसला होता.

"राजा थोर आहे," पोपट म्हणाला.

 पोपटाला पदरात घेऊन सुंद्रा शाळेकडे धावली. तिथल्या उंबरावर एक भारद्वाज पक्षी राहत असे. तो बोलतो, हे गावाला ठाऊक होतं.

"मांत्रिकाचा शाप आहे," भारद्वाज म्हणाला. "या बोरूने जो दुसऱ्याचंच लिहील, तो दुसऱ्याचंच बोलेल."

"उतारा सांगा, महाराज."

"मगरीच्या डोहातला साधा बोरू आण. राजाच्या सिंहासनामागच्या दिव्याची काजळी आण. तिसरं काम मग सांगतो."

सुंद्रा डोहात उतरली. मगर वर आली. सुंद्राने हातातल्या बांगड्या पुढे केल्या.

"बांगड्या नकोत," मगर म्हणाली. "बोरू घे. मीही पिल्लं तोंडात धरून नेते, बाई. पण पाण्यात आणलं की सोडते."

 बोरू घेऊन सुंद्रा दरबारात गेली. दिव्याची काजळी काही केल्या निघेना.

"राजा थोर आहे," पोपट म्हणाला.  पोपटाच्या गळ्यात बकुळेचा काळा दोरा होता. तो पाहून राजाने ओळखलं, की हे सोन्याच्या बोरूने लिहिणारं लेकरू आहे, आणि त्याचा चेहरा उतरला.

"हा दिवा माझा नाही," राजा हळूच म्हणाला. "बोरूही नाही. दोन्ही लुटीचे आहेत." तेवढं बोलताच काजळी आपोआप सुंद्राच्या ओंजळीत गळून पडली.

सुंद्रा उंबराखाली परतली. तिने शाई केली, कोरा कागद मांडला.

"आता तिसरं काम," भारद्वाज म्हणाला. "तिला एक ओळ लिहू दे. तू सांगायचं नाहीस, बोट लावायचं नाहीस. लावलंस, तर पोपट कायमचा."

"एवढंच?" सुंद्रा म्हणाली.

पोपटाने चोचीत बोरू धरला. पहिलंच अक्षर उलटं पडलं. सुंद्राचा हात उठला. तिने तो मांडीखाली दाबून धरला. दुसरं अक्षर वाकडं, तिसरं ओळीच्या बाहेर. शाईचा डाग पडला. सुंद्रा हलली नाही.

ओळ पुरी झाली. सुंद्राने ती वाचली.

आई माझा हात दुकतो.

पिसं झडली. समोर बकुळा बसली होती. तिच्या मनगटावर चार बोटांचे वळ निळे पडले होते. सुंद्राने आपली बोटं पाहिली.

"अगं, मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलले होते," बकुळा म्हणाली. "तू म्हणायचीस, आधी ओळ पुरी कर."

राजाने खजिना मांत्रिकाला स्वतः नेऊन दिला. राज्यात दवंडी पिटली, की शाळेत दिवसाची पहिली ओळ मुलाने आपल्या मनातली लिहायची, गिरवणं त्यानंतर. पंतोजी कुरकुरले. मग त्यांनीही मनातली एक ओळ लिहायला घेतली, आणि बराच वेळ त्यांना काही सुचलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी बकुळा लिहायला बसली. सुंद्रा शेजारी बसली, हात मांडीत घेऊन.

बकुळेने ओळीवर तळवा ठेवला. "आत्ता वाचू नकोस."

"बरं," सुंद्रा म्हणाली, आणि तिने खरंच वाचलं नाही.

बकुळेचा हात जसा मोकळा झाला, तसा तुमच्या आमच्या लेकरांचा होवो.