परत ठेवलेली चूक

एकदा एका वृद्ध संगणकतज्ज्ञ आचार्यांनी आपले आयुष्यभराचे काम शिष्याच्या स्वाधीन केले आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी ते लेकीच्या गावी गेले.

काम म्हणजे एक सॉफ्टवेअर संच. घरोघरच्या आणि कचेऱ्यांतल्या संगणकांसाठी जे प्रोग्रॅम लिहितात, त्यांना लागणारा तयार माल त्यात होता: खिडक्या, बटणे, छपाईची सोय, लिहिलेले जतन करण्याची सोय. प्रत्येकाने हे मुळापासून घडवत बसू नये, संचातून उचलावे आणि आपल्या प्रोग्रॅमात बसवावे. सुताराला तयार बिजागरी मिळावी तसे. संच फुकट होता. त्यामुळे कोणी कुठे त्याचे काय केले आहे, हे खुद्द आचार्यांनाही ठाऊक नव्हते.

निघताना ते एवढेच म्हणाले, "मी येईपर्यंत सांभाळ."

हुशार माणसाला नुसते सांभाळायला सांगणे म्हणजे त्याच्या वर्मावर बोट ठेवणे. शिष्य हुशार होता. शिवाय संचात त्याला फार दिवसांपासून खुपणारी एक गोष्ट होती. प्रोग्रॅम बंद करताना 'जतन करायचे की टाकून द्यायचे' असे विचारणारी जी खिडकी त्यात होती, तिचा नियम असा, की जे बटण पहिले मांडले असेल ते नुसते एंटर दाबताच निवडले जावे. प्रत्यक्षात निवडले जाई दुसऱ्या क्रमांकाचे. उघड उघड चूक! इतकी वर्षे गुरूंच्या नजरेतून ती सुटली, याचे शिष्याला आश्चर्य वाटे आणि थोडी लाजही. आपल्या गुरूंच्या कामाला कोणी नावे ठेवू नयेत, ही त्यामागची भावना होती. ती खोटी नव्हती. वाईट कामे पुष्कळदा अशाच चांगल्या भावनेने होतात.

त्याने चूक सुधारली, नवी आवृत्ती काढली आणि सोबतच्या टिपणात एक ओळ लिहिली. दोन-चार प्रोग्रॅमरांनी शाबासकी कळवली. शिष्याच्या अंगावर मूठभर मांस चढले.

आचार्य परतले ते काळा चष्मा लावून. त्यांना ही बातमी कशी सांगावी, याची वाक्ये शिष्य मनात जुळवत होता, तोच दारात एक गृहस्थ उभे राहिले. ते प्रोग्रॅमर होते. अंध माणसांना लिहिता यावे म्हणून त्यांनी याच संचावर एक प्रोग्रॅम बेतला होता. टाइप केलेले अक्षर तो बोलून दाखवी.

"भांडायला नाही आलो, गुरुजी," ते म्हणाले. "भांडून काही परत यायचं नाही."

त्यांच्या गावात भार्गवराव म्हणून एक जन्मांध गृहस्थ होते, टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे थोरले बंधू अण्णा. अण्णांनी तरुणपणी तंबूतला सिनेमा गावोगावच्या जत्रांतून फिरवला होता. धाकटा लहान असताना त्याला शेजारी बसवून पडद्यावर काय चालले आहे ते कानात सांगत; तेवढाच सिनेमा भार्गवरावांनी पाहिला. आता अण्णांचा आजार बळावला होता. रोज दुपारी ते तंबूच्या दिवसांविषयी सांगत आणि भार्गवराव अक्षर न् अक्षर टाइप करून घेत. दिवसाला एक नवे पान. मागचे ऐकून पाहायला सवड कोणाला होती? अण्णांचे दिवस भरत आले होते.

"परवा अण्णा गेले," प्रोग्रॅमर म्हणाले. "तेराव्याला सगळं छापून घरच्यांना वाटायचं म्हणून मला बोलावलं. बघतो तर तुमची नवी आवृत्ती बसवल्यापासूनचं एकही पान नाही. तुमची खिडकी दुसरं बटण उचलते हे मला माहीत होतं, म्हणून मी 'जतन करा' दुसरं ठेवलं होतं. आता ती पहिलं उचलते. पहिलं 'टाकून द्या'. भार्गवकाका रोज एंटर दाबत होते आणि रोज ते पान टाकलं जात होतं."

"पण बटणाचं नाव बोललं जातं ना?" शिष्याने विचारले.

"बोलतं. रोजच्या खिडकीचं ऐकायला थांबतं कोण? बोट आपोआप जातं."

"मी टिपणात लिहिलं होतं..."

"लिहिलं असेल. गुरुजींकडचं आलं की मी वाचत नाही. इतक्या वर्षांत वाचायची वेळच आली नव्हती. चूक माझीही आहेच."

ते गेल्यावर आचार्य संगणकापुढे बसले. शिष्याला वाटले, आता बोलणी बसणार. पण त्यांनी चष्मा वर सारला, डोळ्यांतून पाणी गळत असताना शिष्याची दुरुस्ती शोधून काढली आणि पुसून टाकली. जुनी चूक होती तिथे, होती तशी परत ठेवली.

शिष्याला राहवेना. "गुरुजी, जे घडलं ते माझ्यामुळे घडलं. पण चूक ती चूकच ना? ती जाणूनबुजून परत ठेवायची?"

"चूक माझी होती तोवर ती सुधारायचा अधिकार माझा होता," आचार्य म्हणाले. "लोकांनी तिच्या मापाने आपापली दारं बसवली, बोटांना तिची सवय झाली. तेव्हापासून ती माझी राहिली नाही. मला ती दिसली नव्हती असं वाटलं तुला? रोज दिसत होती. आपलं बरोबर असणं ही आपली हौस असते, बाळ. त्या हौसेची किंमत न विचारता दुसऱ्याकडून घ्यायची नाही. बरोबर खिडकी हवी ना? नव्या नावाने शेजारी ठेव. नवा येणारा ती घेईल. जुनीला हात लावू नकोस."

"आणि मधल्या काळात ज्यांनी आपली बटणं फिरवून घेतली, त्यांचं?"

"त्यांचं आता बिघडणार," आचार्य शांतपणे म्हणाले. "हललेला दगड पहिल्यासारखा बसत नाही. त्यांना गाठ. टिपण लिहून नव्हे, बोलून. आणि सर्वांआधी त्या भार्गवरावांकडे जा."

शिष्य गेला. वाटेत त्याने क्षमेचे शब्द ठरवले होते. माजघरात खुर्चीवर बसलेला म्हातारा पाहून त्यांतला एकही त्याने वापरला नाही. कसेबसे त्याने आपण कोण ते सांगितले.

"बस," भार्गवराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर शिष्याला बरे वाटले असते.

"तुम्हाला आठवेल ते सांगा," शिष्य म्हणाला. "मी लिहून घेतो. लागतील तितके दिवस येईन."

"गोष्टी आठवतात रे मला. त्याचे शब्द नाही आठवत. ते राहायचे नाहीत म्हणूनच तर लिहीत होतो." मग म्हणाले, "पान संपलं की अण्णा रोज विचारायचा, 'गेलं का रे आत?' मी एंटर दाबून म्हणायचो, 'गेलं.' मग तो डोळे मिटून पडायचा. शेवटच्या दिवशीही विचारलंन. शेवटच्या दिवशीही मी 'गेलं' म्हणालो."

आतून कोणीतरी चहा आणून ठेवला. तो तसाच निवला.

पुढे आचार्य गेले आणि संच शिष्याकडे आला. त्याने तो पुष्कळ वर्षे सांभाळला. याच्या हातून नवे काही होत नाही, जुन्या चुकाही हा काढत नाही, असे तरुण प्रोग्रॅमर त्याला नावे ठेवीत. तो ती ऐकून घेई.